३६ एमएफडीच्या जागी २५ + १० चालेल का? कॅपॅसिटरची सिरीज आणि पॅरलल जोडणी

विभाग: वीज, मोटर आणि घरगुती दुरुस्ती

पाणीपुरवठा (धागाकर्ता)

बोअरवेलची सबमर्सिबल, १ एचपी, सिंगल फेज. पॅनेलमधल्या रन कंडेन्सरवर (मोटर चालू असताना सतत लागणारा कॅपॅसिटर) ३६ एमएफडी (मायक्रोफॅरड), ४४० व्होल्ट असं छापलंय. काढून मीटरवर लावला तर २८ दाखवतो. दुकानात ३६ नाही. ४४० व्होल्टचे १०, २०, २५, ५० आणि ७२ आहेत. प्रश्न असे:

१. २५ आणि १० एकत्र जोडले तर चालतील का? कसे जोडायचे?
२. दोन ७२ सिरीजमध्ये (एकापुढे एक) लावले तर बरोबर ३६ होतात असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?
३. सरळ ५० का लावू नये? मोठा तो चांगला ना?
४. पॅनेलमध्ये १२०-१५० एमएफडीचा स्टार्ट कंडेन्सर चांगला आहे. दोन दिवस त्याच्यावर भागेल का?

तारजोड

चौथ्याचं उत्तर आधी, कारण त्यात धोका आहे. स्टार्ट कॅपॅसिटर रनच्या जागी मुळीच लावू नका. तो इलेक्ट्रोलिटिक असतो, काही सेकंदांपुरताच बनवलेला. सतत एसी मिळाला की आतून तापतो, वाफ धरते आणि काही मिनिटांत टोपी उडते. रन कॅपॅसिटर प्लॅस्टिक फिल्मचा असतो, तासन् तास चालण्यासाठी. दोघांवर एमएफडीच लिहिलेलं असलं तरी वस्तू वेगळ्या आहेत.

आता पहिला. २५ आणि १० पॅरलल लावा, चालतील. पॅरललमध्ये सरळ बेरीज होते, २५ + १० = ३५. तुमच्या ३६ वर ±५ टक्के छापलेलं असेल, म्हणजे ३४.२ ते ३७.८ पर्यंत काहीही चालतं. ३५ त्यात बसतो. फक्त एक तपासा. नव्या दोघांनाही ±५ टक्के सूट आहे, त्यामुळे जोडी ३३.२५ भरू शकते किंवा ३६.७५. दुकानातच दोन्ही मीटरवर मोजा आणि बेरीज ३४.२ च्या वर आली तरच घ्या.

जोडणी: १० चं एक टोक २५ च्या एका टोकाला, दुसरं दुसऱ्याला. फिल्म कॅपॅसिटरला प्लस-मायनस नसतं, त्यामुळे टोकं उलटसुलट झाली तरी बिघडत नाही. बहुतेकांना प्रत्येक टर्मिनलवर दोन-दोन पाती असतात, एका पातीवर पॅनेलची वायर आणि दुसरीवरून जंपर. जंपरला १.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ६.३ मिमीचे लग, पक्कडीने नव्हे तर क्रिंपिंग टूलने दाबलेले. ढिला लग तापतो, पातं काळं पडतं आणि मग लोक कॅपॅसिटरला दोष देतात.

करंट दोघांत त्यांच्या एमएफडीच्या प्रमाणात वाटला जातो. चालू मोटरमध्ये कॅपॅसिटरवर ३३० व्होल्ट धरले तर ३५ ला एकूण ३.६ अँपिअर जातील, त्यातले २५ मधून २.६ आणि १० मधून १.०. त्यामुळे छोट्यावर जादा भार येतो ही भीती बाळगू नका.

तिसरा. ५० म्हणजे ३६ च्या ३९ टक्के जास्त. तेवढा जास्त करंट स्टार्टिंग वाइंडिंगमधून सतत जाणार. सबमर्सिबलचं ते वाइंडिंग ठराविक करंटसाठी ठराविक जाडीच्या तारेचं भरलेलं असतं. मोटर चालेल, कदाचित सुरूही झटक्यात होईल, पण वाइंडिंग गरम राहील आणि इन्सुलेशन लवकर जाईल. शंभर मीटर खाली ती गरम झालेली तुम्हाला हाताला कळणारही नाही.

एकफेजी

+१. दोन ७२ बद्दल: गणित बरोबर आहे, दुकानदार खोटं बोलत नाही. सिरीजमध्ये सारख्या दोघांचा निम्मा होतो. पण दोन मोठे डबे, दुप्पट-तिप्पट पैसे, आणि पॅनेलमध्ये जागा? शिवाय दोघांपैकी एक आतून शॉर्ट झाला तर मोटरला ३६ ऐवजी थेट ७२ मिळतील. २५ + १० मध्ये एक गेला (म्हणजे आतून उघडा पडला, फिल्मवाला बहुधा तसाच जातो) तर मोटरला कमी मिळेल आणि ती कुरकुर करेल. बिघाड व्हायचाच असेल तर दुसऱ्या पद्धतीचा परवडला.

नवा_वायरमन

एक शंका. आमच्याकडे २५० व्होल्टचे कॅपॅसिटर पडून आहेत, जुन्या फॅन रेग्युलेटरमधले. दोन पॅरलल लावले की ५०० व्होल्ट होतात ना? मग मोटरला चालतील.

तारजोड

नाही. ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून ठळक लिहितो. पॅरललमध्ये एमएफडी वाढतात, व्होल्ट वाढत नाहीत. दोघांच्या टोकांना तोच दाब मिळतो, त्यामुळे जोडीची मर्यादा दोघांतल्या कमी व्होल्टवाल्याएवढी. ४४० आणि २५० पॅरलल लावले तर जोडी २५० ची.

आणि २३० च्या लाइनवर २५० पुरेल असंही समजू नका. रन कॅपॅसिटर स्टार्टिंग वाइंडिंगसोबत सिरीजमध्ये असतो. चालू मोटरमध्ये त्या वाइंडिंगवर तयार होणारा दाब आणि लाइनचा दाब यांच्यात जवळजवळ ९० अंशांचा फरक असतो. कॅपॅसिटरला दोन्ही मिळून पेलावे लागतात, म्हणून त्याच्या टोकांवर ३०० ते ३५० व्होल्ट सहज दिसतात. ४४० लिहिलेलं असतं ते यासाठी. छताच्या पंख्याच्या २.५ एमएफडीवरही ४४० लिहिलेलं दिसेल, कारण तेच.

बारावी_सायन्स

पॅरललमध्ये बेरीज होते हे पटतं. सिरीजमध्ये १/क ची (क म्हणजे धारकता, एमएफडीमध्ये मोजतात ती) बेरीज का करायची? रेझिस्टरच्या नेमकं उलट का?

फॅरडभक्त

दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेत. पहिल्याची उजवी पट्टी, मधली वायर आणि दुसऱ्याची डावी पट्टी मिळून एक तुकडा होतो, आणि तो बाहेरच्या कशालाही जोडलेला नाही. त्यावर बाहेरून प्रभार (चार्ज, पुढे ‘प्र’) येऊ शकत नाही आणि त्यावरून जाऊही शकत नाही. सुरुवातीला तो शून्य असेल तर पुढेही एकूण शून्यच राहणार. म्हणून पहिल्याच्या उजव्या पट्टीवर −प्र आला तर दुसऱ्याच्या डाव्या पट्टीवर +प्र यायलाच हवा. सिरीजमधले सगळे कॅपॅसिटर सारखाच प्रभार धरतात तो यामुळे, मग त्यांची धारकता किती का असेना.

आता व्होल्ट = प्रभार ÷ धारकता. एकूण व्होल्ट = प्र/क१ + प्र/क२. दोन्ही बाजूंना प्र ने भागा, १/क = १/क१ + १/क२ समोर येतं. पाठ करायची गरज नाही.

एसीकडून पाहिलं तर ‘उलट’ असं काही उरत नाही. कॅपॅसिटरचा विरोध ५० हर्ट्झला ३१८३ ÷ एमएफडी ओहम. रेझिस्टरसारखाच हा विरोध सिरीजमध्ये बेरजेने वाढतो. एमएफडी भागाकारात खाली असतो, म्हणून तो कमी होतो.

पेपरात चूक होते ती दोन ठिकाणी. १/क ची बेरीज करून तीच उत्तर म्हणून लिहायची, उलटायची विसरायची. २, ३ आणि ६ सिरीजमध्ये: १/२ + १/३ + १/६ = १, उत्तर १ मायक्रोफॅरड. (इथे योगायोगाने उलटलं नाही तरी तेच येतं, म्हणून या उदाहरणावर स्वतःला तपासू नका. ४ आणि ६ घ्या: १/४ + १/६ = ५/१२, उत्तर २.४.) पडताळणी एका नजरेत होते: सिरीजचं उत्तर सगळ्यात लहानापेक्षाही लहान असलंच पाहिजे. दुसरी चूक म्हणजे दोनसाठीचा ‘गुणाकार भागिले बेरीज’ हा नियम तिघांना एकदम लावणं. तिघांना तो चालत नाही. आधी दोघांचा काढा, मग आलेलं उत्तर आणि तिसरा.

पाणीपुरवठा

माझ्यासारख्याला पॅरलल असं समजलं: दोन टाक्या तळाशी पाइपने जोडल्या की पातळी एकच राहते आणि साठा वाढतो. पातळी म्हणजे व्होल्ट. बरोबर?

फॅरडभक्त

पॅरललपुरतं अगदी बरोबर. सिरीजला मात्र ते चित्र नेऊ नका, तिथे ते दिशाभूल करतं.

सिरीजमध्ये व्होल्ट वाटले जातात, पण लहान कॅपॅसिटरला जास्त व्होल्ट. प्रभार सारखा, मग ज्याची धारकता कमी त्याच्यावर दाब जास्त. २ आणि ४ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, दोन्ही २५० व्होल्टचे. कोणीही सहज म्हणेल जोडी ५०० ची. तसं नाही. २ वाल्यावर २५० आले तेव्हा ४ वाल्यावर १२५ च असतात. जोडी ३७५ ची झाली. ४०० दिलेत तर २ वाल्यावर २६७ येणार. तो शॉर्ट होऊन गेला की सगळे ४०० दुसऱ्यावर, आणि मग तोही गेला.

शेतीपंप

चांगला धागा. माझा प्रश्न तीन फेजचा. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा (पॉवर फॅक्टर सुधारायच्या क्षमतेचं माप) कॅपॅसिटर आहे, ४४० व्होल्ट, तीन टर्मिनलचा गोल डबा. मीटरवर कुठल्याही दोन टर्मिनलमध्ये १६-१७ एमएफडी दाखवतो. डब्यावर ३ × ११ असं लिहिलंय. ११ च्या जागी १६ कसे? मीटर खराब की कॅपॅसिटर?

एकफेजी

दोन्ही चांगले आहेत. या प्रश्नात सिरीज आणि पॅरलल एकदम येतात, म्हणून सावकाश लिहितो.

डब्यात तीन कॅपॅसिटर डेल्टात (त्रिकोणात) जोडलेले आहेत: अ-ब मध्ये एक, ब-क मध्ये एक, क-अ मध्ये एक. मीटर अ आणि ब ला लावला की अ-ब मधला ११ थेट दिसतो. पण अ पासून क कडे आणि क कडून ब कडे असा दुसराही रस्ता आहे, त्यात दोन ११ सिरीजमध्ये, म्हणजे ५.५. दोन्ही रस्ते पॅरलल. ११ + ५.५ = १६.५. चांगल्या डेल्टा कॅपॅसिटरवर कुठल्याही दोन टर्मिनलमध्ये छापलेल्याच्या दीडपट दिसतं.

२ केव्हीएआरचे ११ कसे, तेही पडताळून पाहा: २००० ÷ (३ × ४४० × ४४० × ३१४.१६) = ०.००००१०९६ फॅरड, म्हणजे जवळपास ११ मायक्रोफॅरड.

आता कामाचं. आतला एक उघडा पडला, समजा अ-ब मधला, तर वाचन असं येईल:

अ-ब: ५.५ (थेट रस्ता गेला, फेऱ्याचा उरला)
ब-क: ११
क-अ: ११

ज्या जोडीत सगळ्यात कमी तोच गेलेला. दोन गेले तर एका जोडीत ११ आणि बाकी दोन्हीत जवळजवळ शून्य. तिन्ही वाचनं सारखीच पण १६.५ ऐवजी १२-१३ आली, तर तिन्ही सारखे झिजलेत. फिल्मवर बारीक छिद्र पडलं की भोवतीचा धातूचा थर उडून जातो आणि कॅपॅसिटर स्वतःला बरा करतो, पण दर वेळी थोडं क्षेत्रफळ कमी होतं. धागाकर्त्यांच्या ३६ चे २८ झाले तेही बहुधा असेच.

मीटरशिवाय, चालू लाइनवर टाँग टेस्टरनेही (वायरीभोवती लावून करंट मोजणारा) कळतं. मोटरकडे जाणारी वायर वगळून फक्त कॅपॅसिटरच्या तीन वायरींवर लावा. ४१५ व्होल्टला चांगला असेल तर तिन्हीत साधारण २.५ अँपिअर. अ-ब मधला उघडा असेल तर क मध्ये २.५ च, पण अ आणि ब मध्ये १.४. एवढं पाहिलं की डबा उघडायचीही गरज नाही.

शेतीपंप

तिन्हीत १६.३, १६.५, १६.४. मग चांगलाच आहे. डेल्टाऐवजी स्टारमध्ये (तिन्हींचं एकेक टोक एकत्र) जोडता येतात का, तीन सुटे घेऊन?

एकफेजी

येतात, पण तेच तीन स्टारमध्ये एक तृतीयांश काम करतात. प्रत्येकावर ४४० ऐवजी २५४ व्होल्ट येतात, आणि केव्हीएआर व्होल्टच्या वर्गावर चालतं. २ चे ०.६७ होतील. पॉवर फॅक्टर सुधारायला घेतलेत तर पैसे वाया.

हेच गणित लाइन कमी-जास्त झाली तरी लागू. ४४० व्होल्टचा २ केव्हीएआर ४१५ ला १.७८ देतो. रात्री लाइन चढते म्हणून ४८० व्होल्टवाला घेतला, तर ४१५ ला तो १.५ देईल. टिकेल जास्त, देईल कमी. रात्री ४५० च्या वर जाणाऱ्या गावठाणाबाहेरच्या लाइनवर मी तरी ४८० वालाच घ्या म्हणेन.

जोडणी स्टार्टरच्या मोटरकडच्या टर्मिनलवर करा, म्हणजे स्टार्टर सुटला की कॅपॅसिटरही लाइनवरून सुटतो. ओव्हरलोड रिलेच्या पुढे जोडलात तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो, त्यामुळे रिलेची सेटिंगही तेवढी खाली घ्यायची. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि मग मोटर जळेपर्यंत रिले ट्रिप होत नाही.

ऑटो स्विच (वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा) असेल तर काढा. वीज जाऊन लगेच आली की कॅपॅसिटरमध्ये आधीचा चार्ज असतानाच लाइन जोडली जाते, आणि करंटचा जोरदार धक्का बसतो. महावितरण ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं सांगत असतं, त्यात रोहित्रावरचा भार कमी करणं आहेच, पण तुमच्या स्टार्टरच्या पॉइंटचाही फायदा आहे.

कोल्ड सोल्डर

चार्ज असलेला कॅपॅसिटर रिकाम्याला जोडण्याचा मुद्दा आलाच आहे तर लिहितो. पॅरलल ‘सरळ बेरीज’ म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण जोडतानाच्या क्षणाकडे कोणी बघत नाही.

१०० मायक्रोफॅरड, ३०० व्होल्टला भरलेला. तसाच दुसरा रिकामा. जोडले की प्रभार वाटून दोन्ही १५० वर येतात. ऊर्जा आधी ४.५ ज्यूल होती, नंतर २.२५. निम्मी गेली कुठे? ठिणगीत आणि तारेच्या उष्णतेत. तार जाड घेतली, चांदीची घेतली, तरी निम्मी जातेच, फक्त कमी वेळात आणि जास्त करंटने.

याचं घरातलं ठिकाण म्हणजे पंख्याचा स्टेपवाला रेग्युलेटर. एका प्रचलित रचनेत आत दोन कॅपॅसिटर असतात, २.२ आणि ३.३, पंख्याच्या सिरीजमध्ये. पहिल्या स्टेपला २.२ (विरोध १४४७ ओहम), दुसऱ्याला ३.३ (९६५ ओहम), तिसऱ्याला दोन्ही पॅरलल, म्हणजे ५.५ (५७९ ओहम), आणि शेवटच्याला थेट लाइन. दुसरीवरून तिसरीवर जाताना भरलेल्या ३.३ ला २.२ जोडला जातो. म्हणून प्रत्येकाच्या सिरीजमध्ये २.२ ओहमचा छोटा रेझिस्टर टाकलेला असतो. दोघांत २०० व्होल्टचा फरक धरला तर धक्का २०० ÷ ४.४ = ४५ अँपिअर, तोही पाच-सहा मायक्रोसेकंदांत ओसरतो. (त्या क्षणी करंटच्या वाटेत ३.३ आणि २.२ सिरीजमध्ये येतात, १.३२ मायक्रोफॅरड. ४.४ × १.३२ = ५.८.) तो रेझिस्टर काढून तार टाकली की स्विचचे पॉइंट चिकटतात. प्रत्येकावर आडवा २२० किलोओहमही असतो, तो बंद केल्यावर चार्ज उतरवण्यासाठी.

पॅनेलमध्येही हेच. सुरू होताना स्टार्ट आणि रन पॅरलल असतात, ३६ + १२० = १५६. पुश बटण सोडलं की स्टार्टवाला चार्ज घेऊन सुटतो. त्याच्यावर १५ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर असेल तर दहा सेकंदांत रिकामा होतो. नसेल तर पुढच्या वेळी बटण दाबताना पॉइंट जळतात. धागाकर्त्यांनी पॅनेल उघडलंच आहे तर स्टार्टवर तो रेझिस्टर आहे का बघा.

नवा_वायरमन

एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरसारख्या उपकरणाचा पॉवर सप्लाय) २०० व्होल्टचे दोन ४७० सिरीजमध्ये असतात. ते २३० वर कसे टिकतात? आणि बदलताना एकच फुगलेला असेल तर एकच बदलला तर चालेल?

कोल्ड सोल्डर

एकच बदलू नका. कारण लांबलचक आहे, पण वाचा.

२३० व्होल्ट एसी ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारे डायोड) ३२५ व्होल्ट डीसी होतात. २०० चे दोन सिरीजमध्ये, जोडी २३५ मायक्रोफॅरड आणि कागदावर ४०० व्होल्ट. पण इलेक्ट्रोलिटिकला ±२० टक्के सूट असते. एक ३७६ आणि दुसरा ५६४ निघाला तर लहानाला ६० टक्के मिळतात: ३२५ चे १९५. काठावर. लाइन २५३ झाली की डीसी ३५८, आणि लहानावर २१५. गेला. एकाच लॉटचे दोन सहसा इतके वेगळे नसतात. जुना आणि नवा मात्र असू शकतात.

हे झालं चार्ज होतानाचं. डीसीवर स्थिर झाल्यावर वाटणी धारकतेवर राहत नाही, गळतीवर जाते. इलेक्ट्रोलिटिकमधून थोडा करंट सतत गळतो. ज्याची गळती कमी, त्याच्यावर हळूहळू व्होल्ट चढत जातात. जुन्याची गळती जास्त, नव्याची कमी, म्हणून बिचारा नवाच जास्त दाब सोसतो.

म्हणून प्रत्येकावर आडवा एक रेझिस्टर, दोन्ही सारखे. १०० किलोओहम घेतलात तर १.६ मिलीअँपिअर जातो. दोघांच्या गळतीत ०.३ मिलीअँपिअरचा फरक असेल तर मधला बिंदू ०.३ × ५० = १५ व्होल्ट सरकतो, म्हणजे १७७.५ आणि १४७.५. चालतं. ४७० किलोओहम टाकलात तर तोच फरक ७० व्होल्टचा होतो आणि बॅलन्सिंगचा उपयोग उरत नाही. १०० किलोओहमवर पाव वॅट जळतो, तरी १ वॅटचा घ्या. पाव वॅटच्या छोट्या रेझिस्टरची स्वतःची व्होल्टची मर्यादाही कमी असते, आणि तो तापून किंमत बदलली की एकाच बाजूचा दाब वाढतो. कॅपॅसिटर बदलताना हे दोन्ही रेझिस्टर सुटे करून मोजा. फुगलेल्या कॅपॅसिटरमागे उघडा पडलेला रेझिस्टर सापडणं नवीन नाही.

एसीवर फिल्मचे दोन सिरीजमध्ये असले तर हा त्रास नाही. तिथे वाटणी कायम धारकतेवरच राहते. ±५ टक्क्यांचे दोन घेतले तर वाईटात वाईट ५२.५ आणि ४७.५. बॅलन्सिंगची गरज नाही.

बारावी_सायन्स

सुपरकॅपॅसिटरलाही हेच लागू का? २.७ व्होल्ट, १०० फॅरडचे सहा आहेत, १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीला जोडायचेत.

कोल्ड सोल्डर

हेच, आणि जास्त कडक. सहा सिरीजमध्ये १६.७ फॅरड, १६.२ व्होल्ट. चार्जिंग १४.४ असेल तर प्रत्येकी २.४, ठीक. पण एकावर २.९ चढले की तो झिजू लागतो. बॅलन्सिंग बोर्डाशिवाय जोडू नका. साठवलेली ऊर्जा सिरीजमध्ये कमी होत नाही: एकेकाची ३६४.५ ज्यूल, सहांची २१८७, आणि ½ × १६.६७ × १६.२² = २१८७. फॅरड घटले तेवढे व्होल्ट वाढले. रिकामे असताना थेट बॅटरीला लावू नका, आधी २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बमधून भरा. बल्ब विझत आला की थेट जोडा.

नवा_वायरमन

आणि दोन साधे इलेक्ट्रोलिटिक मायनसला मायनस जोडून एसीला चालतात म्हणे?

कोल्ड सोल्डर

स्पीकरच्या क्रॉसओव्हरला चालतात. दोन १०० चे साधारण ५० होतात. मोटरच्या रनला नाही, वर तारजोडांनी सांगितलेल्या कारणानेच.

तारजोड

डिस्चार्जबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही, म्हणून. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ‘फटाका’ काढायची सवय सोडा. ३६ एमएफडीमध्ये ३३० व्होल्ट एसीचे शिखर ४६७ व्होल्ट असतात, जवळपास ४ ज्यूल. टर्मिनलचं पातं वितळतं आणि आतल्या फिल्मच्या टोकाचा जोडही ढिला होतो.

१० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन इन्सुलेटेड वायरी, टोकांना क्रोकोडाइल क्लिप. मेन बंद, फ्यूज काढून खिशात, मग क्लिप लावा. ०.३६ सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर × धारकता), दोन सेकंदांत रिकामा. मीटरवर डीसी व्होल्ट पाहा, आणि मोजेपर्यंत क्लिप काढू नका, कारण फिल्ममध्ये मुरलेला चार्ज थोडा परत वर येतो.

पॅरलल जोडी एकदमच रिकामी होते. सिरीज जोडी मात्र प्रत्येक कॅपॅसिटर वेगळा रिकामा करा. बाहेरची दोन टोकं जोडली तर एकूण शून्य होतं, एकेकाचं होईलच असं नाही. वरच्या १७७.५ आणि १४७.५ च्या जोडीत बाहेरून शॉर्ट केलं तर एकावर +१५ आणि दुसऱ्यावर −१५ उरतात. मीटर बाहेरून शून्य दाखवेल. इलेक्ट्रोलिटिकला तर तो उलटा दाबही झाला.

धारकता मोजताना निदान एक वायर काढलीच पाहिजे. वाइंडिंग जोडलेलं असताना मीटर काहीतरी भलताच आकडा देतो.

पाणीपुरवठा

२५ आणि १० आणले. दुकानात मोजले, २५.३ आणि १०.१. पॅरलल जोडून मोजले तर ३५.४. मोटर चालू आहे. स्टार्टवर रेझिस्टर नव्हता, १५ किलोओहमचा टाकला. कॅपॅसिटरच्या टोकांवर ३२२ व्होल्ट एसी, टाँग टेस्टर ३.६ अँपिअर दाखवतो. बरोबर आहे का?

तारजोड

३१८३ × ३.६ ÷ ३२२ = ३५.६. जुळलं. हे सूत्र झाकणाच्या आत लिहून ठेवा. वर्षाने याच दोन आकड्यांवरून कॅपॅसिटर न काढता किती झिजला ते कळेल. २५ आणि १० च्या वायरी वेगवेगळ्या मोजल्यात तर कुठला झिजतोय तेही दिसेल, आत्ता साधारण २.६ आणि १.० यायला हवेत.

पाणीपुरवठा

२.६ आणि १.०. दोन्ही डबे पॅनेलला कसे बांधू? झिप टायने चालेल?

एकफेजी

नका बांधू, उन्हात ती ठिसूळ होते. बहुतेक डब्यांच्या तळाला ८ मिमीचा बोल्ट असतो, त्यावर पत्र्याला कसा. बोल्ट नसेल तर पत्र्याची क्लॅम्प पट्टी. डबा अॅल्युमिनियमचा असेल तर बोल्टवरच अर्थची वायर घ्या. टर्मिनलच्या वर निदान बोटभर जागा मोकळी ठेवा, आतला दाब वाढला की टोपी वर उचलली जाऊन आतली तार तुटते, ती उचलायला जागाच नसेल तर तुटणार नाही.